किडनी प्रत्यारोपणानंतर लस कितपत लागू पडते?

प्रश्न (यावल तालुका)

माझ्या मोठ्या भावाचे किडनी प्रत्यारोपण होऊन आठ महिने झाले. किडनी आईने दिली, शस्त्रक्रिया मुंबईला झाली आणि आता आम्ही गावी परतलो आहोत. शरीराने किडनी नाकारू नये म्हणून दादा टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेतो. डायलिसिसवर असताना त्याने हिपॅटायटिस-बीचे चारही डोस दुप्पट मात्रेत घेतले होते, तरी परवाच्या तपासणीत टायटर (रक्तातील प्रतिपिंडांची पातळी) फक्त ६ आला. तेव्हापासून घरात एकमत होत नाही. काकांचे म्हणणे असे, की या गोळ्या चालू असताना लस म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी; वहिनीला भीती वाटते, की लसीमुळे शरीर किडनीच नाकारेल. फ्लू आणि न्यूमोनियाची लस द्यावी का? शिवाय माझ्या दीड वर्षाच्या मुलाला रविवारी पोलिओचे थेंब पाजायचे आहेत, त्याचा दादाला काही धोका आहे का?

उत्तर १ (परिचारिका, डायलिसिस विभाग, जळगाव)

भाऊ, तुमच्या काकांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. लसीने रोगाची ओळख पटली, तरी प्रतिपिंडे (रोगजंतूंशी लढणारी प्रथिने) तयार होण्यासाठी पांढऱ्या पेशींनी एकमेकींना इशारा द्यावा लागतो आणि भराभर वाढावे लागते. टॅक्रोलिमस टी-पेशींचा हा इशारा दाबते आणि मायकोफेनोलेट पेशींची वाढ रोखते. दादांची किडनी टिकून आहे ती याच कारणाने, आणि लसीचा जोर कमी पडतो तोही याच कारणाने.

कोविडच्या काळात याचे मोजमाप झाले. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०२१ मध्ये अवयव प्रत्यारोपण झालेल्या ६५८ जणांचे रक्त तपासले, तेव्हा कोविडच्या एमआरएनए प्रकारच्या लसीच्या दोन डोसांनंतर ५४ टक्के लोकांतच प्रतिपिंडे आढळली. मायकोफेनोलेटच्या गटातील गोळ्या घेणाऱ्यांत हे प्रमाण आणखी कमी होते. त्याच वर्षी फ्रान्समध्ये अशा १०१ रुग्णांना तिसरा डोस दिल्यावर प्रमाण ४० टक्क्यांवरून ६८ टक्क्यांवर गेले. घडा पालथा असता तर हा आकडा हललाच नसता.

टायटर १० च्या खाली असला तर संरक्षण पुरेसे धरत नाहीत, म्हणून हिपॅटायटिस-बीच्या पुढच्या डोसांविषयी दादांच्या नेफ्रोलॉजिस्टना (किडनीच्या डॉक्टरांना) आवर्जून विचारा. फ्लूची सुईवाटे दिली जाणारी निष्क्रिय (जिवंत विषाणू नसलेली) लस दरवर्षी घ्यावी. न्यूमोनियाची लस कोणती आणि किती अंतराने, हे आधी कोणती घेतली आहे त्यावर ठरते. वहिनींना सांगा, की फ्लूच्या लसीमुळे किडनी नाकारली जाण्याचे प्रमाण वाढते असे अभ्यासांत दिसलेले नाही. मात्र गोवर, कांजिण्या अशा जिवंत लसी आता दादांना चालणार नाहीत. त्या प्रत्यारोपणापूर्वी किमान चार आठवडे घ्यायच्या असतात. आणि लस अधिक लागू पडावी म्हणून एकही गोळी मनाने बंद करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

उत्तर २ (भुसावळ, प्रत्यारोपणाला ११ वर्षे)

ताईंनी सांगितले त्यात माझ्या अनुभवाच्या दोन गोष्टी जोडतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो आणि लस मात्र २ ते ८ अंशांतच ठेवावी लागते. एकदा औषध दुकानदाराने हिपॅटायटिस-बीची कुपी थेट बर्फाच्या पिशवीत घालून दिली. घरी येऊन पाहिले तर तिला बर्फ चिकटलेला होता आणि आतले औषध गोठले होते. ही लस उष्णतेने बिघडते तशी गोठल्यानेही निकामी होते, म्हणून ती टाकून द्यावी लागली. तेव्हापासून मी लस घरी आणतच नाही. जिथे शीतपेटी आहे तिथेच जाऊन टोचून घेतो.

दुसरी गोष्ट कुत्र्याची. गेल्या वर्षी गल्लीत एका कुत्र्याने पोटरीला दात लावला. रक्त आले नाही, नुसता ओरखडा होता, त्यामुळे केंद्रावर फक्त रेबीजची लस लिहून दिली गेली. प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसाला अशा ओरखड्यालाही लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडे) द्यावे लागते, कारण एकट्या लसीवर त्याचे शरीर पुरेशी प्रतिपिंडे तयार करीलच याची खात्री नसते. मी प्रत्यारोपणाची फाइल पुढे केली तेव्हा कुठे ते मिळाले. दादांनी खिशात गोळ्यांच्या नावांची चिठ्ठी ठेवावी, आणि कुत्रा चावल्यास जखम आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी.

उत्तर ३ (बालरोगतज्ज्ञ, धुळे)

थेंबांच्या प्रश्नाचे उत्तर राहिले आहे. तोंडावाटे दिली जाणारी पोलिओची लस जिवंत विषाणूची असते आणि तो विषाणू बाळाच्या शौचातून काही आठवडे बाहेर पडत राहतो. म्हणून प्रत्यारोपित व्यक्ती राहते त्या घरातील बाळाला शक्यतो इंजेक्शनवाटे दिली जाणारी निष्क्रिय पोलिओ लस द्यावी. रविवारपूर्वीच तुमच्या डॉक्टरांशी आणि आशाताईंशी बोलून ठेवा. थेंब आधीच पाजले गेले असतील, तर पुढचे काही आठवडे बाळाची शी-शू दादांनी काढू नये आणि इतरांनी साबणाने हात धुवावेत. बाळाच्या बाकी लसी चुकवू नका. गोवराची लस बाळाला अवश्य द्या, आणि घरातील मोठ्यांनीही फ्लूची लस घ्या, कारण दादांना स्वतःच्या लसीतून जे संरक्षण अपुरे मिळते ते काही प्रमाणात तुमच्यामुळे भरून निघते.

प्रश्नकर्ता

आपणा तिघांचे मनापासून आभार. आशाताईंना आजच फोन केला. काकांना ४० आणि ६८ हे आकडे वाचून दाखवले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी विचारले, की फ्लूची लस आपल्यालाही घेता येईल का.