विषय: उन्हाळी सहलीसाठी द्राक्षरसाच्या, रम घातलेल्या बर्फाच्या कांड्या

सौ. काकूंस सादर नमस्कार,

मंडळाच्या उन्हाळी सहलीत मोठ्यांसाठी रम घातलेल्या द्राक्षांच्या कांड्या कराव्यात असे ठरले आहे. मात्र एक लिटर रसाला पाव लिटर रम घालावी की कमी, यावर समितीत एकमत होईना. आपण सध्या सांगलीस आहात, तेव्हा द्राक्षांच्या गावाहूनच निकाल यावा, ही विनंती.

-----

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

पाव लिटर घातलीत तर कांडी न होता लगदा होईल. घरच्या फ्रीझरमध्ये साधारण उणे 18 अंश सेल्सिअस तापमान असते आणि शुद्ध अल्कोहोल उणे 114 अंशांच्या आसपास गोठते. त्यामुळे मिश्रणात ते जितके वाढेल तितका बर्फ मऊ राहतो. एक लिटर रसाला 30 मिलीची चार मापे पुरेत. त्याहून हात सैल सोडू नये. वाईन घालायची असल्यास तेवढ्याच रसाला अर्धा लिटरही चालते, कारण तिच्यात अल्कोहोल सुमारे 12 टक्केच असते. आमच्या जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क झाले असले, तरी आमच्या घरात अजून बेदाण्यांचाच मान मोठा!

साखरेनेही गोठणे लांबते, म्हणून पिकलेल्या गोड द्राक्षांच्या रसात वरून साखर मुळीच घालू नये. शेजारच्या महाबळेश्वरची आंबटगोड स्ट्रॉबेरी असती तर गोष्ट वेगळी होती. द्राक्षे मिक्सरमधून फिरवून चाळणीवर हाताने दाबावीत, म्हणजे साली वर राहतात आणि खाली दाट, हिरवट रस उतरतो. तो लवकर काळवंडतो, म्हणून त्यात लगेच लिंबू पिळावे.

माझ्या मते खरी चव बेदाण्यांनी येते. मापातल्याच रममध्ये ते रात्रभर भिजवून निथळावेत, उरलेली रम रसात घालावी आणि साच्यातला रस कडेने धरू लागून मधे अजून पातळ असतानाच बेदाणे काडीने आत ढकलावेत. आधी घातले तर सारे तळाशी बसतात. या कांड्या साध्या कांड्यांपेक्षा लवकर वितळतात, तेव्हा खोके उघडताच वाटून टाकाव्यात. मुलांच्या कांड्या वेगळ्या खोक्यात आणि वेगळ्या रंगाच्या काड्यांवर असाव्यात, कारण दोन्ही दिसायला सारख्याच असतात.

सहलीच्या बागेत मद्य चालते का, हे समितीने आधीच विचारून घ्यावे. चालत नसेल तर रमऐवजी आल्याचा रस घालावा.

आपली,
काकू