जर्मनीत जन्मलेल्या बाळाच्या लसी आणि वाईचे साडेतीन महिने

नेकारकाठ:

नमस्कार. तीन आठवड्यांपूर्वी स्टुटगार्ट येथे आमच्या मुलीचा जन्म झाला. आम्हा दोघींची प्रकृती उत्तम आहे. मी वर्षभराच्या पालकत्व रजेवर असून, मुलीला सहा महिने पूर्ण झाले की वाई तालुक्यातील आमच्या गावी साडेतीन महिने राहून यावे, असा विचार आहे. परतल्यावर, ती तेरा महिन्यांची झाली की किटामध्ये, म्हणजे इथल्या पाळणाघरात, जाऊ लागेल.

बारशाच्या आधीच घरात लसींचा विषय निघाला. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर बाळाला दुपट्यातून मोकळे करायला सांगितले आणि तिचा डावा दंड कॅमेऱ्याजवळ धरायला लावला. क्षयरोगाची बीसीजी टोचलेली नाही, पोलिओचे थेंब दिलेले नाहीत आणि काविळीची लसही नाही, हे कळल्यावर त्या एकदम गप्प झाल्या. त्यांच्या बाकीच्या नातवंडांना हे सर्व प्रसूतिगृहातून घरी येण्यापूर्वीच मिळाले होते. मी इथल्या रुग्णालयात विचारले, तेव्हा 'आमच्याकडे बीसीजी देत नाहीत' एवढेच उत्तर मिळाले. कारण कोणी समजावून सांगितले नाही.

माझ्यासमोर आता दोन देशांचे दोन तक्ते आहेत आणि त्यांतल्या तारखा एकमेकींशी जुळत नाहीत. कोणता तक्ता पाळावा? दोन्हींतले थोडे थोडे घेतले तर चालते का? बीसीजी द्यायची असल्यास ती कुठे आणि केव्हा द्यावी? गोवराच्या लसीचे काय करावे? गावच्या घरी सासू-सासरे, दीर, जाऊबाई आणि त्यांची मुले असे सर्वजण एकत्र राहतात. सासऱ्यांना दिवाळीपासून खोकला आहे, पण तो विडीचा आहे असे सगळे म्हणतात. एवढ्या माणसांत बाळाला सर्दी-पडसे होईल, याचीही मला काळजी वाटते. पुढच्या आठवड्यात यू-३, म्हणजे इथली बाळाची ठरलेली तिसरी तपासणी आहे. तिथे काय विचारावे, हे कृपया सुचवावे.

इसारतीर:

अभिनंदन! मी म्युनिकमध्ये राहतो. माझी दोन्ही मुले याच गोंधळातून गेली आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

प्रत्येक देशाचा तक्ता तिथल्या आजारांकडे पाहून आखलेला असतो. जर्मनीत क्षयरोग इतका कमी झाला की स्टिको या लसीकरण समितीने १९९८ मध्ये बीसीजीची शिफारस मागे घेतली. पोलिओचे तोंडावाटे द्यायचे थेंबही त्याच वर्षी बंद झाले. त्या थेंबांतील जिवंत विषाणूमुळे क्वचित एखाद्या बाळाला लुळेपणा येऊ शकतो, म्हणून आता इथे इंजेक्शनची लस देतात. कावीळ ब साठी गरोदरपणातच आईचे रक्त तपासतात आणि त्यात दोष आढळला तरच बाळाला जन्मतः लस टोचतात. आपला अहवाल निर्दोष असेल, तर बाळाचे काहीही राहून गेलेले नाही, हे सासूबाईंना अवश्य सांगावे. दोन महिने पूर्ण झाल्यावर मिळणाऱ्या सहा रोगांच्या एकत्रित लसीत घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला, हिब (मेंदूज्वर आणणारा एक जंतू), पोलिओ आणि कावीळ ब या सर्वांचा समावेश असतो.

माझे स्पष्ट मत असे आहे की ज्या देशात बाळ राहते, तिथला तक्ता पूर्ण आणि वेळेवर पाळावा, आणि गावच्या मुक्कामासाठी जे अधिक लागेल ते त्यात जोडावे. सरमिसळ करू नये. सहा रोगांची लस इथे दोन, चार आणि अकरा महिन्यांना असते. त्यामुळे पहिले दोन डोस जाण्यापूर्वी होतील आणि तिसरा परतल्यावर घेता येईल. न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जंतूवरची लसही याच महिन्यांना असते. मेंदूज्वराच्या जंतूवरची मेनिंगोकोकस बी ही लस २०२४ पासून तक्त्यात आली असून तिचेही दोन डोस निघण्यापूर्वी होतात. जुलाब आणणाऱ्या रोटाव्हायरसच्या लसीबाबत मात्र अजिबात चालढकल करू नये. ही तोंडावाटे द्यायची लस सहाव्या आठवड्यापासून देता येते आणि पहिला डोस बारा आठवड्यांच्या आत व्हावा लागतो. ती वेळ टळली की लस सुरूच करता येत नाही.

आमच्या थोरल्याच्या वेळी आम्ही चार महिने पुण्यात होतो आणि तिथे दोन लसी घेतल्या. कार्डावर फक्त बरोबरच्या खुणा आणि तारखा होत्या. लसीचे नाव नाही, बॅच क्रमांक नाही, शिक्काही नाही. इथे ज्या लसीची नोंद नाही ती दिलेली नाही असेच धरतात, त्यामुळे दोन्ही सुया त्या लेकराला पुन्हा टोचाव्या लागल्या. पुन्हा टोचल्याने अपाय झाला नाही, पण तो रडत असताना त्याचे पाय धरून मी उभा होतो आणि चूक माझी होती. म्हणून पिवळे इम्फपास, म्हणजे इथली लसींची नोंदवही, सोबत न्यावे, प्रत्येक लसीच्या कुपीवरचे लेबल त्यात चिकटवून घ्यावे आणि खाली डॉक्टरांची सही व शिक्का घ्यावा.

नाशिकचा बालवैद्य:

वरील उत्तराशी मी सहमत आहे. बीसीजी आणि गोवर यांविषयी लिहितो. मात्र त्याआधी आपल्या प्रश्नातील एका वाक्याकडे लक्ष वेधणे मला अत्यावश्यक वाटते.

दिवाळीपासून असलेला खोकला, मग तो विडीचा असो वा नसो, तपासल्याशिवाय सोडू नये. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असणाऱ्या प्रत्येकाची क्षयरोगासाठी थुंकी तपासावी, असा आपल्याकडे नियम आहे, आणि ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य होते. सोबत छातीचा एक्स-रेही काढावा. तान्ह्या मुलांना क्षयाची लागण बहुधा घरातल्याच मोठ्या माणसाकडून होते. जो आजोबा नातीला दिवसभर मांडीवर घेऊन बसतो, त्याचाच खोकला तिच्या सर्वांत जवळ असतो. जगातील दर चार क्षयरुग्णांपैकी सुमारे एक भारतात आहे. त्यामुळे ही शंका घेण्यात सासऱ्यांचा अवमान नाही. हे त्यांना आपल्या यजमानांनी समजावून सांगितले तर अधिक बरे. निदान झालेच, तरी हा आजार औषधांनी बरा होतो.

आता बीसीजीविषयी. ही लस मोठ्या माणसांच्या फुप्फुसांच्या क्षयापासून फारसे संरक्षण देत नाही. लहान मुलांमध्ये मेंदूच्या आवरणाचा आणि सर्व शरीरभर पसरणारा क्षय मात्र ती चांगला रोखते, आणि याच वयात तो सर्वांत घातक असतो. दोन आठवड्यांसाठी एखाद्या लग्नाला येणाऱ्या बाळासाठी मी आग्रह धरला नसता. आपले बाळ साडेतीन महिने भरल्या घरात राहणार आहे, त्यामुळे बीसीजी द्यावी असे माझे मत आहे. भारतातील कार्यक्रमात ती एक वर्षापर्यंत देता येते. जर्मनीत ती मिळणार नाही, म्हणून इथे पोहोचताच द्यावी. एका कुपीत अनेक डोस असतात आणि कुपी फोडल्यावर चार तासांत संपवावी लागते, त्यामुळे बरीच रुग्णालये ती ठरावीक वारीच देतात. आधी फोन करून वार विचारून ठेवावा.

बीसीजीत जिवंत जंतू असतात. ज्या बाळाची प्रतिकारशक्ती जन्मतःच अत्यंत दुबळी असते, त्याला ती देता येत नाही. जर्मनीत २०१९ पासून नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्तावर या दोषाचीही चाचणी होते. यू-३ ला तो अहवाल अवश्य विचारून घ्यावा. लस देताक्षणी कवच तयार होत नाही, त्याला काही आठवडे लागतात. तेव्हा बीसीजी घेतली म्हणून खोकल्याची तपासणी टाळता येणार नाही.

गोवराची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर वाईतच घ्यावी, म्हणजे मुक्कामाचे शेवटचे दिवस आणि विमानप्रवास या दोन्हींसाठी उपयोग होईल. सरकारी केंद्रात गोवर-रुबेलाची लस मिळते. खासगी डॉक्टरांकडे गालगुंडासह तिन्हींची मिळते आणि जर्मनीच्या तक्त्याशी तीच जुळते. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी आणि मालेगाव येथे गोवराचा मोठा उद्रेक झाला होता. त्यामुळे सहा ते नऊ महिन्यांच्या काळात आसपास गोवर असल्याचे कानावर आले, तर स्थानिक डॉक्टरांना लगेच विचारावे. टायफॉइडची लसही सहा महिन्यांनंतर देता येते. एवढ्या मुक्कामासाठी ती मी देईन.

लेस्टरकर:

आमच्याकडे इंग्लंडमध्ये वेगळी पद्धत आहे, ती माहितीसाठी लिहिते. बाळाच्या आई-वडिलांपैकी किंवा आजी-आजोबांपैकी कोणी क्षयाचे प्रमाण जास्त असलेल्या देशात जन्मलेले असेल, तर बाळाला बीसीजी देऊ करतात, आणि भारत त्या यादीत आहे. पूर्वी ती जन्मतःच देत असत. २०२१ पासून, डॉक्टरांनी सांगितलेल्या त्याच रक्तचाचणीचा अहवाल हाती यावा म्हणून, ती अठ्ठाविसाव्या दिवसानंतर देतात.

बीसीजीनंतर काही आठवड्यांनी दंडावर पुळी येते, ती फुटते आणि थोडा पू वाहतो. मी घाबरून तिला मलम लावले होते. तसे करू नये. ती जागा स्वच्छ व कोरडी ठेवावी, ती आपोआप भरून येते. तीन महिने त्या दंडावर दुसरी कोणतीही लस देऊ नये, असेही आम्हाला सांगितले होते.

इसारतीर:

किटाविषयी एक राहिले. मार्च २०२० पासूनच्या कायद्यानुसार एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला किटात प्रवेश घेताना गोवराच्या किमान एका डोसचा पुरावा लागतो आणि दोन वर्षे पूर्ण झाली की दोन डोसांचा. नवव्या महिन्यात पहिला डोस झाला, तर दुसरा वर्ष पूर्ण होताच इथे द्यावा, म्हणजे तेराव्या महिन्यात अडचण येणार नाही. बीसीजीची नोंदही इम्फपासमध्ये करून घ्यावी. त्या लसीमुळे पुढे कधी त्वचेवरची क्षयचाचणी लागण नसतानाही लागण दाखवू शकते आणि इथल्या डॉक्टरांना त्यामागचे कारण ठाऊक असलेले बरे.

नेकारकाठ:

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. काल यू-३ झाली. टाचेच्या रक्ताचा अहवाल निर्दोष आहे. इथल्या डॉक्टरांनी रोटाव्हायरसची आणि दोन महिन्यांच्या लसींची तारीख लगेच दिली. भारतात बीसीजी देण्यास त्यांची हरकत नाही, फक्त नोंद नीट आणा असे त्या म्हणाल्या.

नाशिकच्या डॉक्टरांचे उत्तर वाचून मला रात्रभर झोप लागली नाही. प्रश्न लिहिताना ते वाक्य मी जाता जाता लिहिले होते. यजमान सकाळी सासऱ्यांशी बोलले. आधी ते रागावले, मग बाळाचे नाव निघाल्यावर तयार झाले. सोमवारी दीर त्यांना ग्रामीण रुग्णालयात घेऊन जाणार आहेत. थुंकीचा आणि एक्स-रेचा अहवाल हाती आल्याशिवाय विमानाची तिकिटे काढायची नाहीत, असे आम्ही ठरवले आहे.