मशेरी सोडल्यापासून हिरड्या खाजतायत, परत लावू का?

शिलाईवाली:
नमस्कार मंडळी. वय 51, कराडजवळच्या गावात ब्लाऊज, फॉल-पिको करते. मोबाईलवर लिहितेय, चुका पोटात घाला.

तीस वर्षं मशेरी लावली. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी तव्यावर काळी भाजलेली तंबाखू तळव्यावर ठेवली, म्हणाल्या, लाव, दात किडत नाहीत. तेव्हापासून उठल्यावर, जेवल्यावर, निजताना, आणि मधे गळा बसवताना काम अडलं की. ती लावल्याशिवाय परसाकडं व्हायचं नाही, आता काय लपवायचं. गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी दीड वर्षाच्या नातीनं माझं बघून स्वतःच्या हिरडीवर बोट फिरवलं. डबी उकिरड्यावर गेली.

दोन महिने होत आले. आता खालच्या पुढच्या दातांच्या हिरड्या अशा खाजतात की जीव नको होतो. शिवताना टाचण्या ओठात धरायची सवय आहे. एकदा टाचणीचं डोकं हिरडीवर घासलं गेलं, इतकं बरं वाटलं की आता तोच चाळा लागलाय. रक्त येतं. पूर्वी थेंबभर कधी आलं नव्हतं! जाऊ म्हणते, बघ, मशेरीनंच हिरड्या धरून ठेवल्या होत्या. खरं आहे का? तुरटी, मीठ-हळद झाली. लवंगेचं तेल लावलं तर कातडंच सोललं.

उंब्रजकर:
ताई, डबी परत आणू नका. बाकीचं जाणकार सांगतील. मी गुटखा सोडला तेव्हा पहिला महिना गालाच्या आतून मुंग्या फिरल्यासारखं व्हायचं. तलफेची वेळ झाली की जास्त. बडीशेप चघळत बसायचो. आणि 1800-11-2356 हा तंबाखू सोडणाऱ्यांसाठीचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, तिथल्या बाईंशी मी तीनदा बोललो.

बत्तिशी:
दातांचा डॉक्टर आहे, तालुक्याच्या गावी पंचवीस वर्षं दवाखाना. सगळ्यात आधी टाचणी बंद. तेलही बंद, लवंगेचं नुसतं तेल हिरडी भाजतं.

तुमच्या जाऊबाईंचं म्हणणं मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. गोष्ट बरोब्बर उलटी आहे. निकोटीननं रक्तवाहिन्या आकसतात. हिरडी आतून सुजलेली असली तरी रक्त येत नाही, माणसाला वाटतं सगळं ठणठणीत. विडी-सिगारेटवाल्यांत हे सर्रास दिसतं. तंबाखू सुटली की आधीचाच आजार वर येतो. मशेरीनं हिरड्या धरल्या नव्हत्या, त्यांची तक्रार दाबली होती.

खाज खालच्या पुढच्या दातांपाशीच का? जिभेखाली लाळेच्या ग्रंथींची तोंडं आहेत. लाळेतल्या क्षारांनी दातांवरचा मऊ थर तिथं सगळ्यात आधी घट्ट होतो, त्याचं किटण बनतं. आरशात बघा, दातांच्या आतल्या बाजूनं पिवळी-काळी कड दिसेल. ती ब्रशनं निघत नाही, मिठानं नाही, तुरटीनं तर नाहीच. दवाखान्यात दात साफ करून घ्यावे लागतात.

आता मला तीन गोष्टी कळवा. बीपीची गोळी चालू आहे का आणि कोणती? अॅम्लोडिपिननं काहींच्या हिरड्या वाढतात, मग त्याखाली घाण साठते. (गोळी मनानं बंद करू नका.) साखर तपासली आहे का? आणि मशेरी जिथं ठेवायचात तिथं, ओठाच्या आत, पांढरा किंवा लाल चट्टा आहे का? चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत गेली नाही तर थांबायचं नाही, दाखवायचं.

काजवा:
साफ करून घेतले की दात हलतात, फटी पडतात. आमच्या मामींचे हलले. जपून.

बत्तिशी:
काजवा, मामींचे दात आधीच हलत होते. किटणानं त्यांना सिमेंटसारखं एकमेकांना चिकटवलं होतं एवढंच. किटण गेलं की जुनी फट दिसते. हे समजावण्यात माझी निम्मी ओपीडी जाते.

अननसप्रेमी:
जरा वेगळं. मलाही वर्षभर खाज होती, पण रक्त नाही, सूज नाही. दालचिनीच्या वासाची टूथपेस्ट बदलली आणि आठवड्यात गेली. कच्चं वांगं, अननस, किवी खाल्ल्यावर तोंड खाजणारेही असतात. पण ते खाल्ल्या खाल्ल्या होतं आणि थोड्या वेळात जातं. ताईंचं तसं वाटत नाही.

शिलाईवाली:
उशीर झाला, लग्नसराईचे ब्लाऊज होते. बीपीची तीच गोळी आहे, डॉक्टर, पाकिटावर वाचून चाट पडले. साखर जेवणाआधी 104. ओठात चट्टा नाही, मुलानं टॉर्च लावून बघितलं.

शनिवारी दात साफ केले. पाऊण तास. यंत्राची शीळ आणि गार पाणी, दुखलं कमी, भीती जास्त. किटणाचे तुकडे वाटीत टणटण वाजत होते, काळ्या बाजरीसारखे. डॉक्टरीणबाईंनी एक बोटावर ठेवून दाखवला, खडाच. मग विचारलं, घासता कसं? मी दाखवलं. म्हणाल्या, तवा घासताय का? मशेरी सोडल्यावर दात स्वच्छ ठेवायचे म्हणून मी सगळ्यात कडक ब्रश आणला होता. त्यानंही हिरडी सोलत होती म्हणे. आता मऊ ब्रश, हिरडीच्या कडेला तिरका धरून, दोन वेळा, दोन-दोन मिनिटं. कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, गुळण्या. एक औषधी गुळणीही दिलीय, दोनच आठवडे, त्यापुढं दातांवर डाग पडतात म्हणाल्या. चहा मात्र बेचव लागतो.

आज सहावा दिवस. रक्त थांबलं. खाज दुपारी चारला येते, म्हणजे चहानंतर मशेरीच्या वेळेला. ती हिरडीची नव्हे, उंब्रजकर भाऊ म्हणतात तसली. जीभ सारखी नव्या फटीत जाते. टाचण्यांना उशी शिवलीय, मनगटाला बांधते.

जाऊबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि डबी काढली.

बत्तिशी:
फार छान. गोळीचं तुमच्या बीपीच्या डॉक्टरांच्या कानावर घाला, बदलायची का ते ठरवतील. तीन महिन्यांनी हिरड्या पुन्हा दाखवा. जाऊबाईंना तपासायला बरोबर न्या, सोडायचं नंतर बघू.

शिलाईवाली:
नेते. त्यांना फटीचं सांगू नका फक्त.