लातूरहून ऐरोली: ४ लाख २० हजारांत भागेल का?

औसा_रोड:
नमस्कार. मी लातूरचा, वय २४, बी.कॉम. सध्या एका आडतीवर हिशेब बघतो, १६ हजार मिळतात. राहणं-जेवण घरचं. ऐरोलीतल्या एका कंपनीत अकाउंट्सची नोकरी लागतेय, पॅकेज ४ लाख २० हजार, म्हणजे महिना ३५ हजार. मुंबईकडे सरासरी पगार किती असतो? यात एकट्याचं भागेल का? घरी ८ हजार पाठवावेच लागतील, धाकटीचं कॉलेज चालू आहे. आठ दिवसांत कळवायचंय.

डोंबिवली_पूर्व:
भाऊ, मी उदगीरचा. सरासरीच्या मागे लागू नकोस. महिन्याला लाखांत कमावणारे चार-दोन जण आले की सरासरी वर जाते, आपल्या खिशात काही पडत नाही.

आधी ३५ हजार डोक्यातून काढ. बेसिक (मूळ पगार) निम्मं, १७,५०० धरलं, तर त्यावर १२ टक्के पीएफ तुझा २,१०० आणि कंपनीचा २,१००. तोही बहुतेक पॅकेजमधूनच जातो. ग्रॅच्युइटीचे ८४० च्या आसपास, प्रोफेशनल टॅक्स २०० (फेब्रुवारीत ३००). हातात येतात २९,७६०. घरचे ८ हजार गेले की २१,७६०.

माझा मावसभाऊ इथं डोंबिवलीत तिघांत राहतो. वन बीएचकेचं भाडं १४ हजार, वाट्याला ४,७००. लाइट-गॅस ९००, दोन वेळचा डबा ४ हजार, पास आणि शेअर रिक्षा दीड हजार, चहा-नाश्ता-मोबाइल २ हजार. साडेआठ हजार उरतात. भागतं.

अडतं ते पहिल्या पगाराआधी. डिपॉझिट ४५ हजार, तुझा वाटा १५. एजंटला एक महिन्याचं भाडं, करारनाम्याची नोंदणी, आगाऊ भाडं, गादी, बादली. वर पगार होईपर्यंतचं जेवण. ३५ हजार गाठीला हवेत.

मी २०१६ ला २२ डिसेंबरला जॉइन झालो. तिथं पगाराचा हिशेब २० तारखेला बंद व्हायचा, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पगार थेट ३१ जानेवारीला. चाळीस दिवस! खिशात ९ हजार. शेवटच्या आठवड्यात आईनं बांधून दिलेल्या कडक भाकरी पाण्यात भिजवायच्या आणि शेंगाचटणी लावून खायच्या. मेसच्या काकूंनी रात्रीचं जेवण उधारीवर दिलं म्हणून टिकलो. तुझ्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून एवढं लिहितोय.

घणसोलीकर_ताई:
दादांचा हिशेब बरोबर आहे, पण डोंबिवलीहून ऐरोली मी दोन वर्षं केलंय. सकाळी ठाण्याला उतरायचं म्हणजे आधीपासून दाराकडे सरकत राहायचं, मग पूल चढून नऊ-दहा नंबरच्या फलाटावर ट्रान्स-हार्बरची (ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणारी) लोकल पकडायची. संध्याकाळी तेच उलटं. घरी आल्यावर पोळी लाटायचं त्राण उरत नसे. आता घणसोली गावठाणात दोघी मिळून राहतो, माझ्या वाट्याला साडेसात हजार. ऐरोली दोन स्टेशनांवर. सीएची किंवा आणखी कुठली परीक्षा द्यायची असेल तर तीन हजार जास्त जाऊ देत, अभ्यासाला रोज दोन तास मिळतात.

औसा_रोड:
ताई, सीए इंटरचा एक ग्रुप राहिलाय माझा, हे दोन तास लाखमोलाचे आहेत. दादा, बँकेत २२ हजार आहेत. जॉइनिंग २४ तारखेची दिलीय.

डोंबिवली_पूर्व:
२४ घेऊ नकोस. एचआरला आजच फोन करून विचार, पगाराचा हिशेब कितव्या तारखेला बंद होतो, आणि १ तारीख मागून घे. नोटीस पूर्ण करायचीय म्हणालास तर सहसा देतात. आडतीवरचा या महिन्याचा पगारही तुझ्या हातात पडेल, मग ३८ हजार होतील. घरी आईला सांग, पहिल्या महिन्याचे ८ हजार पुढच्या महिन्यात येतील.

लातूर एक्सप्रेसनं ये, कल्याणला उतर. खोली मिळेपर्यंत आठवडाभर मावसभावाकडं गादी टाकता येईल, मी बोलतो त्याच्याशी. मग ताई म्हणतात तसं घणसोली बघ.