स्वित्झर्लंडमधील एकोणिसाव्या शतकातील सार्वमत

प्रश्न (सदाशिव पेठ, पुणे): आमच्या अभ्यासमंडळात रविवारी स्वित्झर्लंडच्या राज्यघटनेवर चर्चा आहे. तेथे प्रत्येक कायद्यावर जनतेचा कौल घेतला जात असे काय?

उत्तर (कोथरूड): नाही. १८४८ च्या घटनेने केवळ घटनादुरुस्तीसाठी सार्वमत सक्तीचे केले आणि त्यात मतदारांचे व कँटनांचे (म्हणजे घटकराज्यांचे) असे दुहेरी बहुमत आवश्यक होते. १८६६ मध्ये मांडलेल्या नऊ दुरुस्त्यांपैकी ज्यूंना वास्तव्याचा समान हक्क देणारी एकच संमत झाली. सामान्य कायद्यांना आव्हान देण्याची सोय १८७४ च्या घटनेने केली. ३०,००० नागरिकांनी किंवा आठ कँटनांनी मागणी केल्यास कायदा मतदानाला जाई. कामाचा दिवस अकरा तासांचा करणारा कारखाना कायदा १८७७ मध्ये अशाच मतदानात थोडक्यात तरला.

प्रश्नकर्ता: म्हणजे जनतेला केवळ नकाराधिकार होता?

उत्तर (डेक्कन): १८९१ पर्यंत बहुतांशी तसेच होते. त्या वर्षी ५०,००० स्वाक्षऱ्यांच्या बळावर विशिष्ट घटनादुरुस्ती सुचवण्याचा हक्क मिळाला. मात्र १८९३ मध्ये त्याचा पहिलाच वापर जनावर बधिर न करता कापण्यावर बंदी घालून ज्यूंच्या धर्माचारावर घाला घालण्यासाठी झाला, ही बाब चर्चेत अवश्य मांडावी. शिवाय या साऱ्या मतदानांत स्त्रियांना स्थान नव्हते. संघीय पातळीवर त्यांना मताधिकार १९७१ मध्ये मिळाला.