लहानपणी रानातलं काहीबाही खाऊन झालेली विषबाधा : आपापले अनुभव लिहा

सांजवात
काल भाची आली होती. तिच्या लेकीने फ्रॉकच्या खिशातून काळ्या बिया काढून माझ्यापुढे ठेवल्या, "आज्जी, बदाम." सोसायटीच्या मागच्या कुंपणातल्या. चंद्रज्योत! मोगली एरंड म्हणा हवं तर. मी हिसकावल्या तर पोरगी भोकाड पसरून रडायला लागली आणि भाची मलाच म्हणते, मावशी, एवढं काय झालं?

काय झालं ते तिला सांगितलं, आता इथेही लिहिते. आमच्या शाळेला भिंत नव्हती, चंद्रज्योतीचं कुंपण होतं. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून सगळ्या गावाने तेच लावलेलं. मधल्या सुट्टीत सातवीतल्या एकाने फळं फोडली, बियांची टरफलं काढून आतला पांढरा गर सगळ्यांना वाटला. चव खरंच चांगली असते हो, शेंगदाण्याच्या जवळपास जाणारी. तिथेच घोळ होतो. कडू असतं तर पोरांनी थुंकून टाकलं असतं. भूगोलाच्या तासाला पहिली उलटी, मग ओळीने सगळे. घशात आग, पोटात पिळे, मग जुलाब. गुरुजींनी दोन बैलगाड्या जुंपून घेतल्या आणि आम्हाला तालुक्याला नेलं. रात्रभर सलाईन. बहुतेक जण दुसऱ्या दिवशी घरी आले.

माझ्या शेजारी बसणारी मुलगी मात्र गाडीत बसलीच नाही. "मी नाही खाल्लं, मी नाही खाल्लं." खरं तर सगळ्यांत जास्त तिनेच खाल्ल्या होत्या, पण वडिलांचा हात फार जड. डोळे खोल गेले, जीभ कोरडी पडली तेव्हा कुठे तिच्या आईला कळलं. वाचली ती. हल्ली पुण्यात असते, आम्ही यावर हसतोही.

तुमच्याकडे कुणी काय खाल्लं? घरच्यांना कसं कळलं, काय काय उपाय केले? लिहा, मी पोळ्या लाटता लाटता वाचतेय.

वऱ्हाडी_ठेचा
आमची अख्खी चौथी झोपली होती चंद्रज्योतीनं. मास्तर काठी घेऊन इचारत होते "कोनं कोनं खाल्लं बे?" कोनीच हात वर करे ना. शेवटी ज्यायनं ओकलं त्यायची यादी केली अन् दवाखान्यात नेलं. मी ओकलो नव्हतो म्हून घरी. रातच्याला जे सुरू झालं बाप्पा, पहाटेपर्यंत लोटा खाली ठेवला नाही.

दहिवर
तुमची शेजारीण आणि माझा धाकटा भाऊ एकाच माळेचे मणी. त्याने धोत्रा खाल्ला होता. महाशिवरात्रीला महादेवाला वाहायला आम्ही पोरं धोत्र्याची काटेरी फळं तोडून आणायचो, तेव्हाच कधीतरी एक फोडून बिया चघळल्या असणार. घरी कुणालाच पत्ता नाही.

संध्याकाळी तो भिंतीशी बोलायला लागला. अंगावर नसलेल्या मुंग्या वेचून खाली टाकत होता. आईला ओळखेना. अंग तापलेलं, चेहरा लालबुंद, तोंड असं कोरडं की शब्द चिकटत होते. आजी म्हणाली, ओढ्यावरून आलाय, लागिर झालं. झालं, लिंबू आलं, अंगारा आला, शेजारच्या वाडीचा भगत आला. भगताने विचारलं, "तू कोण?" भाऊ म्हणाला, "मी एस.टी." आणि खोलीभर गाडी चालवायला लागला. तेवढ्या घाबरगुंडीतही माझी मोठी बहीण फस्सकन हसली आणि तिने मार खाल्ला.

मामा जिल्ह्याच्या गावी दवाखान्यात कंपाउंडर होते, ते योगायोगाने मुक्कामाला आले. त्यांनी कंदील डोळ्यांजवळ धरला. बाहुल्या एवढ्या मोठ्या झालेल्या की काळ्याभोवतीचा तपकिरी भाग उरलाच नव्हता, आणि उजेड धरला तरी लहान होईनात. ते एवढंच म्हणाले, "ह्याचे खिसे तपासा." चड्डीच्या खिशात अर्धं फळ निघालं. भगतालाच सायकलवर पुढे पिटाळलं डॉक्टरांना उठवायला. गेला बिचारा, नाही म्हणाला नाही.

दवाखान्यात लघवीसाठी नळी घालावी लागली, ती आपोआप होतच नव्हती. दोन दिवस बरळत होता. शुद्धीवर आल्यावर त्याला त्यातलं काहीही आठवत नव्हतं. आम्हाला मात्र सगळं आठवतं आणि प्रत्येक लग्नकार्यात आम्ही त्याला ते ऐकवतो.

तिखटमीठ
"मी एस.टी." 😂😂 मेले मी. बस कुठली होती विचारलं नाही का भगताने?

दहिवर
मुक्कामी. 😄

उंबरठा
आमच्याकडे बिट्टी. पिवळी कण्हेर हो, देवळाच्या आवारात असतेच. तिच्या त्रिकोणी कठीण बिया घेऊन आम्ही मुली खेळायचो, सागरगोटे नसले की बिट्ट्या. माझ्या चुलत बहिणीने दगडाने एक फोडली आणि आतला गर खाल्ला. एकदा उलटी झाली, बास. नंतर दिसायला ठणठणीत, खेळत होती. काकूने तिला झोपवलंही. पण आमचे आजोबा नाडी बघायचे थोडीफार. त्यांनी हात धरला आणि उठून उभेच राहिले. ठोका पडायचा, मग इतका वेळ काही नाही की वाटावं थांबला. मोठ्या दवाखान्यात छातीला वायरी लावून ठेवली होती. तिथले डॉक्टर म्हणाले, ह्या झाडाचं विष हृदयावर जातं, पोरगं हसतंय म्हणून फसू नका.

ते झाड देवळात अजून आहे. मी दर वर्षी विषय काढते, दर वर्षी म्हणतात देवाची फुलं आहेत, तोडायचं कसं.

गुंजभर
नावावरून ओळखलंच असेल, घर सोनाराचं. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, हे पाढ्यांच्या आधी पाठ. लाल गुंज, वर काळा ठिपका, दिसायला इतकी देखणी की पोरांच्या हाती जाणारच. मी खाल्ली नाही, नाकात घातली. वडिलांनी दागिन्यांच्या चिमट्याने काढली आणि त्याच हाताने कानाखाली दिली.

वडील सांगायचे, अख्खी गिळली तर बहुतेक वेळा तशीच बाहेर पडते, कवच फार टणक. चावली किंवा माळेसाठी भोक पाडलेली असली तर मात्र जिवावर बेतते. आणि गंमत बघा, त्याच वेलीचा पाला विड्यात घालतात, गोड लागतो म्हणून. आमची आत्या आवाज सुटावा म्हणून गाण्याआधी चघळायची. आवाज काही सुटला नाही शेवटपर्यंत.

कोल्हापुरी_पायताण
खाजकुइली चालंल का हितं? खाल्ली न्हवती, पर इषबाधेपेक्षा कमी न्हाई. आमच्यातल्या एकानं शेंगेवरची लव मास्तरांच्या खुर्चीवर चोळली. मास्तर त्या दिवशी रजेवर. बदलीवर बाई आल्या. फुडचं लिवत न्हाई.

सांजवात
@कोल्हापुरी_पायताण, चालेल चालेल, पण त्या बाईंच्या वतीने निषेध.

सुईण_नव्हे_सिस्टर
मी आदिवासी भागात उपकेंद्रावर एएनएम आहे. ड्युटीवरून लिहितेय, तुटक वाटलं तर समजून घ्या.

चंद्रज्योतीची मुलं अजून येतात, पावसाळा संपता संपता जास्त. एक आलं की मी आधी विचारते, बरोबर कोण होतं? एकटं पोर कधी खात नाही. मग वाडीवर जाऊन बाकीच्यांना शोधायचं. कुणी माळ्यावर लपलेलं असतं, कुणी झोपेचं सोंग घेतलेलं. "मारणार नाही" असं आईकडून माझ्यासमोर वदवून घेते, त्याशिवाय पोर तोंड उघडत नाही. माझ्या कामातला अर्धा वेळ ह्यातच जातो, औषध नंतर.

कृपा करून घशात बोटं घालू नका. मिठाचं पाणी पाजू नका. गुंगीत असलेल्या पोराला ओकायला लावलं तर ते फुप्फुसात जातं. तोंडात उरलेलं काढून चूळ भरायला लावा, 108 ला फोन करा आणि जे खाल्लं त्याची फांदी, फळ, बी पिशवीत घालून बरोबर आणा. लोक पोराला आणतात आणि झाडाचं नाव मला विचारतात.

हिरडस_मावळा
ताई, राग मानू नका, पण आमच्या आजीने मिठाच्या पाण्यावर निम्मं गाव वाचवलंय. चंद्रज्योत असो की एरंड. वर ताक द्यायची.

सुईण_नव्हे_सिस्टर
राग नाही दादा. चंद्रज्योतीची बहुतेक मुलं पोटातून जाईल तेवढं पाणी परत मिळालं की सुधारतात, म्हणून आजीला यश आलं. पण लहान मुलाला खूप मीठ पाजलं की रक्तातलं सोडियम वाढून झटके येतात. मूळ दुखणं बरं झालं असतं, वर हे. आजींना नमस्कार, उपाय नको.

हिरडस_मावळा
बरं. ताकाचं तरी राहू द्या. 🙏

फळा_आणि_खडू
झेडपीचा मास्तर. चंद्रज्योतीबद्दल थोडं. आमच्या जुन्या लोकांच्या कुंपणात ती होतीच, पण 2003 च्या सुमारास नियोजन आयोगाच्या समितीने जैवडिझेलसाठी तिच्या लागवडीची शिफारस केली आणि सगळीकडे रोपं वाटायचं वारं आलं. गायरानात, रस्त्याकडेला, शाळेच्या हद्दीवर. आम्ही मुलांच्याच हातून लावून घेतली, वृक्षदिंडी काढून, घोषणा देऊन. डिझेलचा थेंब काही आमच्या गावाने पाहिला नाही. बिया मात्र पोरांना बरोबर सापडल्या. आता दर उन्हाळ्याच्या सुट्टीत ग्रामपंचायतीमागे लागून छाटतो, पावसाळ्यात ती पुन्हा फुटते. मुळापासून काढायला माणूस मिळत नाही, आणि काढली तर गुरं शाळेत. भिंतीचा प्रस्ताव कुठल्या टेबलावर आहे हे विचारू नका.

पाणंद
घाणेरीची काळी फळं कोणी खाल्ली नाहीत का? आम्ही ओंजळीने खायचो, जीभ जांभळी. काहीच झालं नाही कधी.

उंबरठा
टणटणी म्हणतो आम्ही. पूर्ण पिकलेलीच खायची, हिरव्याला हात लावायचा नाही, असं ठरलेलं होतं. धाकट्यांना आधी मोठी मुलं तपासून द्यायची. आता कुणी तसं मोठं बरोबर नसतं.

तापीकाठ
बिब्बा विसरलात सगळे! बिब्ब्याच्या बीवर पिवळं-केशरी बोंड असतं, ते पिकलं की आम्ही खायचो, चांगलं लागतं. पण खालच्या काळ्या बीतलं तेल लागलं की संपलं. माझ्या मावसभावाने बी दातांनी फोडली. ओठ, हनुवटी, गाल, फोडच फोड, डोळे सुजून बंद. बिब्बा उतला की काय होतं ते ज्याला उतलाय त्यालाच कळतं. खोबरेल लावत बसलो. काही जणांना तर झाडाखालून गेलं तरी उठतं, माझ्या वहिनीला होतं तसं. आणि आतली गोडंबी मात्र बाळंतिणीच्या लाडवात! काढणाऱ्या बायकांचे हात बघा कधी, राख लावून फोडतात तरी काळेठिक्कर.

तिखटमीठ
गोडंबी कुठे मिळते हल्ली? सुनेला सातवा महिना आहे, लाडू करायचेत.

तापीकाठ
अभिनंदन आज्जीबाई!! सुकामेव्याच्या जुन्या दुकानात विचारा. थंडीत येते.

माळरान
लिहू की नको करत होते. सगळ्यांचे किस्से हसत वाचले, माझा तसा नाही.

आमच्या शेतावर ऊसतोडीला आलेलं एक कुटुंब होतं. त्यांचा मुलगा माझ्याच वयाचा, माझी जुनी पुस्तकं त्याला दिली होती. बांधावर कळलावीचा वेल होता, लाल-पिवळी फुलं ज्योतीसारखी वर वळलेली. फुलं सरून वेल वाळला की वर काही दिसत नाही. त्याच्या आईला खणताना कंद लागले, रताळं किंवा कोनफळ समजून भाजले. तिने थोडं खाल्लं, पोराला भूक जास्त. रात्री उलट्या-जुलाब दोघांना. दवाखान्यात सलाईन लावून सकाळी सोडलं, बरं वाटतंय म्हणून. कंदाचं कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी तो गेला. नंतर त्या बाईचे सगळे केस गळले, पंधरवड्याभरात डोकं मोकळं. मुकादमाने उचल बाकी आहे म्हणून हंगाम संपेपर्यंत तिला थांबवून घेतलं होतं. पदर घट्ट बांधून मोळ्या वाहायची.

सांजवात
माळरान, काय बोलू. पोळी करपली माझी.

सुईण_नव्हे_सिस्टर
कळलावीचं असंच असतं. पहिल्या दिवशीच्या उलट्या थांबतात, माणूस सुधारल्यासारखा वाटतो आणि मग एकेक अवयव बसत जातो. केस गळतात तेही त्याच विषाने. म्हणून सुधारलं तरी सोडायचं नसतं. सोडलं त्यांना दोष देत नाही, त्यांना कंद कुणी दाखवलाच नाही. दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधेची माहिती देणारं केंद्र आहे, चोवीस तास फोनवर डॉक्टरांना मदत करतात. त्यांचा पहिला प्रश्नही तोच असतो, खाल्लं काय?

दहिवर
माळरान, त्या बाई पुढे कधी आल्या का तुमच्याकडे?

माळरान
नाही. दुसऱ्या वर्षी टोळी दुसरीच होती.

पाणंद
...

वऱ्हाडी_ठेचा
ताई, आमच्या गॅलरीत कुंडीत मोठ्या पानाचं, पांढऱ्या ठिपक्याचं झाड हाय. नातू दीड वर्साचा, सारं तोंडात घालते. इषारी असते काय? बायको म्हने शोभेचं हाय, राहू द्या.

सुईण_नव्हे_सिस्टर
जाड दांडा आणि हिरव्या पानावर पांढरट ठिपके असतील तर ते चघळलं की तोंड, जीभ सुजते, कच्चं अळू खाल्ल्यावर होतं तसं पण फार जास्त. घसा सुजला तर श्वासाला अडचण. नातवाचा हात पोचणार नाही तिथे ठेवा, किंवा द्या कुणाला. बाहेर पेशंट आलेत, जाते.

वऱ्हाडी_ठेचा
साळ्याले देतो. 😁 अन् तिखटमीठ ताई, गोडंबी नागपूरले इतवारीत पाहा, किराण्याच्या ठोक दुकानाइत. घ्याच्या आधी एक दाना चाखून पाहा, खवट असली तं नका घेऊ.