‘मस्ट’, ‘शुड’, ‘मे’ आणि आपलं एकच ‘करावे’

मांजराकाठ
लातूरच्या पॉलिटेक्निकमधल्या काही मुलांसाठी डेबियनच्या पॉलिसी मॅन्युअलमधले निवडक भाग मराठीत करतोय. ही ऑपरेटिंग सिस्टिम १९९३ पासून स्वयंसेवक चालवतात, मालक कुणी नाही. हजारो पॅकेजं (म्हणजे बसवायला तयार बांधलेले प्रोग्राम) वेगवेगळ्या हातांची, तरी ती एकाच मशीनवर सुखानं नांदतात ती या लिखित नियमांमुळे. आणि त्या नियमांचा सगळा भार तीन शब्दांवर आहे. ‘मस्ट’ मोडलं तर ती गंभीर चूक, पॅकेज तसंच पुढच्या आवृत्तीत जाऊ शकत नाही. ‘शुड’ मोडलं तर तीही चूकच, पण तेवढ्यासाठी पॅकेज बाहेर काढत नाहीत. ‘मे’ म्हणजे करणाऱ्याची खुशी.

कॉन्फिगरेशनच्या, म्हणजे सेटिंगच्या, फाइली ‘ईटीसी’ (/etc) या डिरेक्टरीतच असल्या पाहिजेत, हे मस्ट. प्रत्येक प्रोग्रामसोबत मॅन पेज, म्हणजे तो कसा वापरायचा ते सांगणारं पान, असावं, हे शुड. ‘यूएसआर-लोकल’ (/usr/local) या डिरेक्टरीखाली पॅकेजनं एकही फाइल ठेवायची नाही, कारण ती जागा मशीन सांभाळणाऱ्याची, रिकामी डिरेक्टरी मात्र करता येते, हे मे.

मी ‘पाहिजे’, ‘करावे’ आणि ‘करता येईल’ असं लावत गेलो. एका मुलानं विचारलं, “सर, नोटिशीत ‘शुल्क भरावे’ लिहितात, तो काय सल्ला असतो का?” पोराचं म्हणणं बरोबर आहे. कार्यालयी मराठीत ‘करावे’ हा हुकूम आहे. मग ‘शुड’ला काय ठेवायचं?

गोदातीर
‘-वे’चं रूप मुळात हुकमाचं नाही. पसायदानातलं ‘द्यावें’ आठवा. आमच्या आपेगावच्या ज्ञानोबांनी देवाला हुकूम सोडला नव्हता, विनवणी केली होती. तेच ‘द्यावे’ तहसीलच्या पत्रात आलं की आज्ञा होते. बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण, यावर रूपाचं वजन ठरतं. डेबियनमध्ये दोघंही एका पायरीवरचे, तिथं या रूपाला वजन कुठून येणार?

‘पाहिजे’ही तसंच. ते ‘पाहणे’चं जुनं कर्मणी रूप, ‘कीजे’, ‘दीजे’च्या घरातलं. ‘पाहिलं जातं, शोधलं जातं’ एवढाच अर्थ. सक्ती त्यात मागाहून आली.

सेलूकर
आमच्याकडं तर अजून पुरती आलेली नाही. ‘पाऊस यायला पायजे’ म्हणतो आम्ही, ती आस असते. सक्ती असली की ‘लागतंय’. ‘सातबारा जोडायला पायजे’ म्हटलं तर माणूस तसाच जातो, ‘जोडावा लागतंय’ म्हटलं की परत घरी येऊन घेऊन जातो. मस्टला ‘लागेल’ ठेवा, शुडला ‘पाहिजे’. पोरांना एका वाचनात कळेल.

मांजराकाठ
‘फाइल ईटीसीत ठेवावी लागेल.’ वाचायला सरळ आहे. पण नकारात काय करायचं? ‘ठेवावी लागणार नाही’ म्हणजे नाही ठेवली तरी चालेल! मला ‘ठेवता कामा नये’ म्हणायचंय.

उदगीरकर
सेलूकर, ‘पाहिजे’ पुण्याच्या वाचकाला सक्तीचंच वाटणार, तेही बघा. माझे आजोबा निजामाच्या काळात पटवारी होते, दप्तर सगळं उर्दूत. त्यांच्या बोलण्यात तीन शब्द वेगळे होते आणि कधी एकमेकांत मिसळायचे नाहीत: लाजिम, मुनासिब, जायज. केलंच पाहिजे ते लाजिम, केलेलं बरं ते मुनासिब, केलं तर हरकत नाही ते जायज. तुमचे मस्ट, शुड, मे यापेक्षा नेमके कुठं मिळणार?

वैखरी
उदगीरकरकाका, शब्द गोड आहेत, पण आजच्या मुलाला ‘मुनासिब’ सिनेमाच्या गाण्यातला वाटेल. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो फारसीचं हे ओझं उतरवायलाच. ‘आवश्यक, इष्ट, ऐच्छिक’ हे तिन्ही शब्द शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहेत. ‘इष्ट’मध्ये शुडची छटा पूर्ण येते: करण्याकडे कल आहे, बळजबरी नाही.

उदगीरकर
ओझं कसलं, ताई? नाथांनी पैठणात बसून देवाला अर्जदस्त लिहिली ती फारसी शब्दांतच. ‘अर्ज’, ‘मुदत’, ‘हुकूम’, ‘दाखला’ काढून टाका आणि तहसीलमध्ये एक काम करून दाखवा. सतरा सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य गेलं, जिभेवरचे शब्द गेले नाहीत. ते आता आमचेच आहेत.

टर्मिनल_बीड
‘इष्ट’ला माझा विरोध वेगळ्या कारणानं. ‘इष्ट’ म्हटलं की मूल म्हणणार, नाही केलं तर काय बिघडलं? पण डेबियनमध्ये शुड मोडलं तर चूक नोंदवली जाते, कुणीतरी विचारतं. इंटरनेटच्या मानकांत हे शब्द कसे वापरायचे ते सांगणाऱ्या आरएफसी २११९ या दस्तऐवजात शुड सोडायचं तर परिणाम तोलून, कारण असेल तरच सोडायचं असं आहे. डेबियननं आपले शब्द त्याहून वेगळ्या रीतीनं वापरल्याचं स्पष्ट लिहिलंय, पण शुडला धार दोन्हीकडे आहे. मी ‘अपेक्षित’ म्हणेन. अपेक्षा मोडली की जाब असतो.

बांधावरचा
तुम्ही सगळे क्रियापदांत अडकलात, मला तर ‘पॉलिसी’लाच ‘धोरण’ म्हणणं खटकतंय. धोरण सरकारचं असतं: शेती धोरण, उद्योग धोरण. वरून ठरतं आणि खाली येतं. या पुस्तकाचं तसं नाही. आधी पॅकेज करणारे एखादी पद्धत वापरतात, ती बऱ्याच जणांच्या अंगवळणी पडते, मग कुणीतरी शब्दांत मांडतो, सूचकासह किमान तीन डेव्हलपर सही देतात, तेव्हा ती पुस्तकात चढते.

याला आपल्याकडं नाव आहे: वहिवाट. रानातून वर्षानुवर्षं बैलगाडी जाते, नकाशात तो रस्ता नसतो, तरी कुणी नांगरला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदार तो मोकळा करून देतो. माझ्या चुलत्यांनी असाच रस्ता मिळवला. तहसीलदारांनी पंचांना विचारलं ते एवढंच, की गाडी इथून जात होती का. डेबियनमधला वादही बहुतेक वेळा तिथंच येतो, पॅकेजं आज काय करतायत? ‘डेबियनची तांत्रिक वहिवाट’ म्हणा. नियम लोकांच्या पायांनी तयार झालाय हे पोरांना कळू द्या. ते त्यातले उद्याचे चालणारे आहेत.

टर्मिनल_बीड
भाऊ, विचार आवडला, शब्द नाही. पहिलं, महसुलात वहिवाट म्हणजे जमिनीचा ताबा आणि उपभोग, फक्त रस्ता नव्हे. वाचणारा शेतकऱ्याचा पोरगा तिकडंच जाईल. दुसरं, सगळंच रुळलेल्या वाटेनं ठरत नाही. २०१४ मध्ये मशीन सुरू करणारी मुख्य व्यवस्था कोणती, यावर डेबियनच्या तांत्रिक समितीत मतं समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मतानं सिस्टमडी ठरली. तिथं दोन वाटा होत्या, दोन्हीवरून माणसं चालत होती. तुमच्याच भाषेत सांगायचं तर ते कलम ५ नाही, जमीन महसूल संहितेचं कलम १४३ झालं, बांधावरून नवा रस्ता देण्याचं. वहिवाट म्हटलं की हा अर्धा भाग झाकला जातो.

बांधावरचा
समितीपुढं प्रकरण जातं तेच मुळात वाट फुटल्यावर. आणि एखाद्या डेव्हलपरचा निर्णय फिरवायचा तर समितीला तीनास एक मतं लागतात. इतकी अवघड अट ज्यांनी घातली, त्यांना वहिवाटीची किंमत कळत होती.

वैखरी
‘दंडक’ का नको? वहिवाटीतून आलेलाही दंडक असतो, समितीनं घातलेलाही.

सेलूकर
दंडक म्हटलं की आमच्या डोळ्यापुढं हेडमास्तर येतात.

मांजराकाठ
मंडळी, पुस्तकाचं नाव पुढच्या आठवड्यात ठरवू. मला उद्या मॅन पेजचं प्रकरण द्यायचंय. ‘अपेक्षित’ आणि ‘पाहिजे’ यांतलं एक कोणीतरी ठामपणे सांगा. आणि ‘मस्ट नॉट’ अजून तसंच पडलंय.

उदगीरकर
‘मस्ट नॉट’ला मनाई. तीही आजोबांचीच. आणि नावाचं आत्ताच सांगतो, ‘शिरस्ता’ ठेवा. रुळलेली पद्धतही शिरस्ताच, कचेरीनं घालून दिलेलीही शिरस्ताच. बांधावरचे आणि टर्मिनल दोघंही त्यात येतात. फारसीत ‘सर-रिश्ता’, म्हणजे दोऱ्याचं टोक.

गोदातीर
‘सर’चा ‘शिर’ कसा झाला मग? फारसीतला ‘स’ मराठीत सरसकट ‘श’ होत नाही. ‘सरदार’, ‘सरकार’, ‘सरहद्द’ सगळे ‘स’नंच राहिले. संस्कृत ‘शिरस्’शी जोडून लोकांनी तो आपला करून घेतला असावा, असं मला वाटतं.

उदगीरकर
आजोबांच्या दप्तरात ‘सरिश्ता’ होता, मी पाहिलाय. ‘शिरस्ता’ छापला पुण्यामुंबईकडच्यांनी.

वैखरी
पुण्यावर का? मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची आहे, कुणाकडे असेल तर ‘शि’ आणि ‘सि’ दोन्हीकडे बघून इथं टाका.